चार मैल जास्त

मी संशयी माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो. नोरीनचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं आहे की चर्चमध्ये प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात तेव्हा मी माझे उघडे ठेवतो. खोटं नाही. मॅरो नदीवर पंचवीस वर्षं मी गिऱ्हाइकांना होडीत बसवून मासे धरायला नेतोय. एका वेळी दोघं, ते पुढेमागे बसून गळ टाकतात, मी मध्ये बसून वल्ही मारतो, आणि मासा कुठे उभा असेल ते सांगतो. हे सांगणं हाच माझा धंदा. ज्याची जागा दुसऱ्याला कळली त्याचा धंदा बसला.

म्हणून गिऱ्हाइकांना मी फोटो काढू देतो, पण मागे डोंगराची रेघ येता कामा नये. मासा धरा, पाठीमागे वाळुंजाचं झाड घ्या, नाहीतर माझी टोपी घ्या. डोंगर दिसला की कळायचं त्याला जागा कळते. होडी धक्क्याला लागायच्या आत मी गळाला बांधलेली पिसांची माशी कापून खिशात टाकतो, म्हणजे आज ट्राउट मासे कशाला भुलले ते कुणाला दिसत नाही. कुणी विचारलं काय मिळालं, तर दोनचार म्हणायचं. पन्नास मिळाले तरी दोनचार आणि एकही नाही मिळाला तरी दोनचार. इथे सगळेच असं करतात, मी जरा जास्त करतो.

अशा या खोऱ्यात एकच गोष्ट राजरोस उघड्यावर असायची, ती म्हणजे गाडीची किल्ली. आम्ही सकाळी दगडी पुलापाशी होडी पाण्यात सोडतो आणि संध्याकाळी खाली जुन्या शाळेच्या धक्क्याला लागतो. गाडी आणि तिच्यामागचा होडीचा ट्रेलर वरच राहतो. तो खाली आणून ठेवायला कुणीतरी लागतं. सव्वीस वर्षं ते काम आर्डिसबाई स्कार करत होत्या. किल्ली पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाआड ठेवायची आणि निघून जायचं. बाई येणार, किल्ली घेणार, एकोणीस मैल गाडी खाली नेणार, धक्क्यावर लावणार, किल्ली पुन्हा झाकणाआड. दहाबारा गाइड, दहाबारा किल्ल्या. कुणी कधी पावती मागितली नाही की कुलूप बदललं नाही. आर्डिसबाईंची भाकरी म्हणजे एवढंच, की लोक त्यांच्यासाठी किल्ली ठेवतात. उद्या ठेवली नाही तर त्यांच्याकडे विकायला दुसरं काही नव्हतं.

बाई ठेंगण्या, अडुसष्ट वर्षांच्या. आधी बावीस वर्षं शाळेची बस चालवलेली, त्यामुळे मागे ट्रेलर असला तरी दोन खांबांमधून उलटी गाडी अशी काढायच्या की आम्ही बघत राहायचो. पाय पोचत नाहीत म्हणून सीट पुढे घ्यायच्या, पण उतरताना मोजून तेवढीच मागे सरकवायच्या. आरसा होता तसा. रेडिओ होता त्याच स्टेशनवर. काही सांगायचं असलं तर स्टिअरिंगवर चिठ्ठी खोचलेली असायची, ‘मागच्या डाव्या चाकात हवा कमी,’ ‘तुझा डबा उन्हात होता, सावलीत ठेवलाय.’ गळ त्यांनी जन्मात हातात धरला नाही. मासा खात नाहीत. त्यांचा भाऊ एल्विन जुन्या व्हॅनमधून मागे मागे येई, त्यांना एका गाडीपासून दुसरीकडे नेई आणि मधल्या वेळात टोपी डोळ्यांवर ओढून झोपे. तो वर्षभरात दहा वाक्यं बोलत असेल.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आर्डिसबाई स्वतःच्या पायरीवर बर्फावरून घसरल्या आणि उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. तरी एप्रिलात कामाला हजर. एका हातानं गाडी चालवायच्या, प्लास्टर खिडकीवर टेकवून. प्लास्टर निघालं तरी हात खांद्याच्या वर जात नव्हता. हे मी पाहत होतो, पण या हाताचा आपल्याशी काही संबंध असेल असं मनातही आलं नाही.

माझी एक जागा होती. सॉयरच्या कुरणाखाली नदीला एक फाटा फुटतो, तोंडाशी वाळुंजांची इतकी दाटी की जाणारा सरळ पुढे जातो. आत शिरलं की उंच पॉपलर झाडांच्या सावलीत शांत, खोल पाणी, आणि त्यात हातभर लांबीचे ट्राउट. मी तिला कोठी म्हणायचो. अकरा वर्षं ती एकट्या माझी होती. माझी निम्मी गिऱ्हाइकं दरवर्षी परत येत ती कोठीसाठी. मे महिन्यातल्या एका मंगळवारी मी फाट्यात शिरलो तर आत ड्वेन टॅकेटची होडी नांगर टाकून उभी. ड्वेनचं गावात मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे, हाताखाली गाइड आहेत, आणि दात सगळे स्वतःचे नसले तरी हसतो तो सगळे दाखवून.

“ये ये व्हर्लिन,” तो म्हणाला. “जागा आहे की अजून.”

मी होडी वळवली. संध्याकाळी घरी कागद घेतला आणि कोठी कुणाकुणाला माहीत आहे त्यांची यादी केली. गिऱ्हाइकं, म्हणजे दातांचे डॉक्टर, त्यांचे मेहुणे आणि बाकीचे, ते दूरच्या शहरांत राहतात आणि त्यांना उत्तर दक्षिण कळत नाही. ते खोडले. नोरीन. तिला मी झोपेत काही बोललो असेन. तिचं नाव खोडलं, पण सगळ्यांत शेवटी. तिनं यादी पाहिली, स्वतःच्या नावावरची रेघ किती बारीक आहे तेही पाहिलं, आणि दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. उरलं एक नाव. रोज माझी गाडी जिच्या हातात, मी कुठून निघालो आणि किती वाजता पोचलो हे जिला माहीत, आणि ड्वेनच्याही सहा गाड्या जी हलवते.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दुसऱ्या दिवसापासून मी गाडीच्या मीटरचा आकडा सकाळी पेनानं तळहातावर लिहायला लागलो. संध्याकाळी ताडून बघायचो. एकोणीस. एकोणीस. दीड महिना रोज एकोणीस. दुसऱ्या कुणाचा संशय फिटला असता. मला वाटलं, बाई सावध आहेत.

दहा जुलैला आकडा आला तेवीस.

मी तीनदा वजाबाकी केली. मग गाडीत शोधाशोध केली. पेडलवर राखाडी चिकणमाती होती, तशी माती धक्क्यावर नाही, फक्त सॉयरच्या कुरणाच्या काठाला आहे. हमरस्त्यापासून कोठीच्या काठापर्यंत कुरणातून कच्ची वाट जाते, बरोबर दोन मैल. जायला दोन, यायला दोन. सीट मात्र माझ्या मापाला मागे सरकवलेली होती. याचाही मला राग आला, इतकी नीटनेटकी लबाडी करणारा माणूस मी पाहिला नव्हता.

तीन दिवसांनी पुन्हा तेवीस. आणि त्यानंतर चौथ्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं. गिऱ्हाइकं होती एक न्यायाधीश बाई आणि तिचा नवरा. कोठीत शिरलो, आणि समोर काठावर पॉपलरांच्या मधून मला माझीच गाडी दिसली. रिकाम्या ट्रेलरसकट. शेजारी आर्डिसबाई उभ्या, हातात त्यांच्या दुप्पट उंचीची काठी, मान वर. मधे वाळुंजं होती, नीट दिसेना. मी होडीच्या तळाशी बसलो.

“मोठा मासा आहे का?” नवऱ्यानं कुजबुजत विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “हलू नका.”

ते दोघं बिचारे दहा मिनिटं श्वास रोखून बसले. काठी पाण्याकडे झुकताना दिसली. मला वाटलं, खोली मोजतायत. एवढ्या वर्षांत मासा न खाणारी बाई इथे खोली कशाला मोजेल, याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, आणि त्या उत्तराचं नाव ड्वेन टॅकेट होतं.

सोमवारी सकाळी आम्ही गाइड पेट्रोल पंपावरच्या लांब टेबलाशी कॉफीला जमतो. मी ओरडलो नाही, आरोपही केला नाही. एवढंच म्हटलं, की आपापल्या मीटरवर नजर ठेवा, माझ्या गाडीचे चार मैल जास्त निघतायत आणि ते कुठे जातात ते मी पाहिलंय. आमच्या धंद्यात एवढं पुरतं. प्रत्येकाची एकेक कोठी असते, आणि प्रत्येकाला त्या क्षणी आपापली आठवली. ड्वेनही होता. तो नुसती चमच्यानं कॉफी ढवळत राहिला, आणि ते मी त्याच्या खात्यावर मांडलं.

आठवड्याभरात निम्म्यांनी किल्ली झाकणाआड ठेवणं सोडलं. शेजारच्या गावातलं एक जोडपं हेच काम नव्यानं करायला लागलं होतं, त्यांच्याकडे लोक गेले. मी तर पहिला. जुलै संपेपर्यंत उरलेलेही गेले, आणि एल्विनची व्हॅन सकाळी पुलावरून जायची ती न थांबता. आत दोघं भाऊबहीण सरळ समोर बघत बसलेले. तुम्हाला खरं सांगतो, मला तेव्हा वाईट वाटलं नाही. वाटलं, आता कोठी वाचेल.

एका दुपारी आर्डिसबाई माझ्या दारात आल्या. घरात घ्यायला मी बाजूला झालो नाही. त्यांनी पिशवीतून माझ्या गाडीची जादा किल्ली काढली, सहा वर्षांपूर्वी मीच दिलेली.

“किती मैल निघाले जास्त?” त्यांनी विचारलं.

“चार. तीनदा.”

“मोजलंस बरोबर,” त्या म्हणाल्या. किल्ली त्यांनी कठड्यावर ठेवली आणि गेल्या.

हा कबुलीजबाबच, असं मी नोरीनला सांगितलं. नोरीन म्हणाली, “तू त्यांना विचारलंस का, कशासाठी?” मी म्हटलं, चोराला कोण विचारतं. ती उठून आत गेली.

पण कोठी वाचली नाही. ऑगस्ट लागला तशा तिथे रोज दोन होड्या, मग तीन. मला परक्या गाइडांची तोंडं दिसायला लागली. या वर्षी माझ्याकडे न आलेले दातांचे डॉक्टर त्यातल्या एकाच्या होडीत बसलेले दिसले, आणि त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला. बाईंच्या हाती आता एकही किल्ली नसताना बातमी जाते कशी, हे मला कळेना. रात्री झोप लागेना. आता नवं जोडपं माझी गाडी नेत होतं, त्याचेही मैल मोजले. एकोणीस.

शेवटी धक्क्यावर ड्वेनला गाठलं. सरळ विचारलं, आर्डिसबाईंना तू काय देत होतास. तो पहिल्यांदाच न हसता माझ्याकडे बघत राहिला.

“आर्डिसला? अरे बाबा, तुझी ती लोकर. एप्रिलमध्ये मी खालून चाललो होतो. वाळुंजांवरून पॉपलरच्या फांदीला काहीतरी केशरी लटकताना दिसलं. तीन होत्या. म्हटलं, व्हर्लिन इथे काय करतो बघू तरी. आता तर ते झाड नाताळासारखं सजलंय. सगळं खोरं बघतंय.”

ही लोकर माझी. गळाच्या दोरीला तरंगायला एक लोकरीची गुंडी बांधतात, ती बुडाली की मासा लागला. दुकानातली गुंडी उन्हात दिसत नाही म्हणून मी स्वतः लोकर रंगवतो, बाहेर केशरी आणि मध्ये काळी. तशी दुसऱ्या कुणाकडे नाही, याचा मला भारी अभिमान. कोठीत फांद्या खाली आलेल्या, गिऱ्हाईक नवखं, दर दिवशी एकदोनदा गळ झाडात अडकणारच. मी दोरी तोडतो, नवी बांधतो, पुढे चालतो. वल्ही मारणाऱ्याची नजर पाण्यावर असते, झाडाकडे कोण बघतो. अकरा वर्षं मी त्या झाडांना माझी निशाणी बांधत होतो, आणि अकरा वर्षांत ती तिथे साठत कशी नाही, हा प्रश्न जगावर संशय घेणाऱ्या मला एकदाही पडला नव्हता. वारा नेत असेल, असं धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं न घेता एकटाच कोठीत गेलो आणि मान वर केली. ड्वेन खोटं बोलत नव्हता. मी पंचवीसपर्यंत मोजल्या आणि थांबलो. शेंड्याला मासेखाऊ घारींचं घरटं आहे, गाडीच्या चाकाएवढं. घारी काड्यांबरोबर दोरी, सुतळी, जे मिळेल ते ओढून नेतात. घरट्याच्या कडेवरून एक पिलू खाली लटकत होतं. पंख फुटलेलं, उडायच्या बेतातलं, पायाला दोरी गुंडाळलेली, मेलेलं. दोरीच्या टोकाला माझी केशरी लोकर वाऱ्यावर हलत होती. आई समोर कुरणाच्या कुंपणाच्या खांबावर बसून ओरडत होती. मी होडीतच बसलो. मला रडू आलं, आणि ते पिलासाठी होतं की माझ्या लाजेसाठी ते मला अजून सांगता येत नाही.

तिथून तसाच आर्डिसबाईंकडे गेलो. त्या ओसरीवर बसून घेवडा सोलत होत्या. एल्विन पायरीवर होता, तो उठून आत गेला. मी काय पाहिलं ते सांगितलं. पिलाचं सांगितलं तेव्हा त्यांचे हात थांबले.

“दोन होती,” त्या म्हणाल्या. “दुसरं?”

मी दुसरं पाहिलंच नव्हतं. तसं सांगितलं.

त्यांनी खुर्चीमागून कॉफीचा मोठा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत लोकरीच्या गुंड्या होत्या. ताज्या केशरी, त्याखाली फिकट पिवळ्या, तळाशी उन्हानं पांढऱ्या पडलेल्या. अकरा वर्षांच्या. पहिल्याच वर्षी पुलाजवळ एक पिलू केशरी लोकरीच्या दोरीत असंच गेलेलं त्यांनी पाहिलं होतं आणि ती लोकर कुठून येते ते शोधलं होतं, तेव्हापासून आठवड्यातून दोनदा काठी घेऊन जायच्या आणि काढायच्या. या वर्षी हात वर जात नव्हता म्हणून जुलैपर्यंत राहून गेलं. मग हात उचलायला लागला तशा लगेच गेल्या.

“माझ्या गाडीतून का?” मी विचारलं. इतकं होऊनही मला तेच विचारायचं होतं.

“दरवर्षी तुझ्याच गाडीतून जात आले. घाण तुझी, मग पेट्रोल कुणाचं जाळायचं?” त्यांनी शेंग मोडली. “या वर्षी तू मोजायला लागलास, एवढंच.”

“तुम्ही सांगायचं होतंत मला. दारात आलात तेव्हा.”

“तू विचारायचं होतंस,” त्या म्हणाल्या. “बावीस वर्षं दुसऱ्यांची पोरं बसमध्ये घातली मी. एकाही आईनं मैल मोजले नाहीत.”

सोमवारी त्याच टेबलाशी उभा राहून मी सगळं सांगितलं, केशरी लोकरीपासून न्यायाधीश बाईंपर्यंत. काही हसले, काहींनी कपाकडे बघितलं. एकेक करून किल्ल्या पुन्हा झाकणांआड गेल्या. सगळ्या नाही. एकदा सोडलेली सवय काहींची सुटलीच, आणि व्हॅन अजूनही पूर्वीपेक्षा लवकर घरी परतते. तेही माझं काम.

माझी गाडी न्यायला आर्डिसबाई तयार झाल्या, पण एका अटीवर. “तुझी किल्ली झाकणाआड नको. हातात द्यायची. माझ्या.”

म्हणून मी पहाटे सगळ्यांच्या आधी पुलावर जातो, गिऱ्हाइकांना होडीपाशी उभं करतो, आणि व्हॅन येईपर्यंत थांबतो. बाकीचे गाइड किल्ल्या झाकणाआड टाकून, शिट्टी वाजवत पाण्यात उतरतात. मी बाईंच्या हातात किल्ली देतो. त्या घेतात आणि गाडीकडे चालू लागतात. संध्याकाळी स्टिअरिंगवर चिठ्ठी असते आणि तिच्यावर फक्त एक आकडा. १९. दुसऱ्या दिवशी १९. चाकातली हवा कमी असली तरी आता त्या लिहीत नाहीत. आणि मी कसा आहे ते सांगतो, त्या चिठ्ठ्यासुद्धा मी काही दिवस मीटरशी ताडून बघत होतो. सवय मेली नव्हती.

लोकर मी बदलली. आता शेवाळी रंगाची वापरतो, गिऱ्हाइकांना दिसत नाही आणि निम्मे मासे हुकतात. कोठी गेली ती गेली, तिथे आता सगळेच शिरतात. दर रविवारी मी काठी घेऊन तिथे जातो, आणि माझी, ड्वेनची, परक्यांची, ज्याची अडकली असेल त्याची दोरी काढतो. मला वाटायचं मी सगळी काढतो.

या एप्रिलात घारी परत आल्या. आता जून आहे, घरट्यात तीन पिलं आहेत. परवा संध्याकाळी धक्क्याला लागलो, गिऱ्हाइकांना निरोप दिला आणि गाडीत चढलो. पेडलवर राखाडी माती होती. स्टिअरिंगवर चिठ्ठी होती.

‘२३. वरच्या फांदीला दोन राहिल्या होत्या.’

मी मीटरकडे बघितलं नाही.